फर्माचा अंदाज मोडणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७. वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. एका थोर गणितज्ञाचा ठाम विश्वास या संख्येने खोटा ठरवला.

फ्रान्समधल्या तुलूझचा न्यायाधिकारी पिअर द फर्मा फावल्या वेळात गणित करी. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या आहेत. घातांक असाच दुप्पट करत गेलो तर दर वेळी मूळ संख्याच हाती येईल, असे त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून कळवले. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

पुढची संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, अर्थात वर दिलेली संख्या. ती मूळ आहे का, हे निव्वळ भागून पाहायचे तर सुमारे साडेसहा हजार मूळ संख्या वापरून पाहाव्या लागतात. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून या दाव्याबद्दल विचारले. १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने उत्तर दिले: हिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

आज हे लांबलचक भागाकार न करताही पटवता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. ६४० हा ६४१ पेक्षा एकाने कमी, म्हणून त्याच्या चौथ्या घाताला ६४१ ने भागले की बाकी १ उरते. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ आणि १६ यांची बेरीज नेमकी ६४१. म्हणून बाकी काढताना ६२५ च्या जागी उणे १६ लिहिले तरी चालते. गुणाकार होतो उणे २ चा ३२ वा घात, आणि त्याची बाकीही १ च. म्हणजेच २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला, की ६४१ ने नि:शेष भाग जातो.

अंदाज मोडला, तरी या संख्यांचे मोल कमी झाले नाही. आपल्या संख्येतून २ वजा करा. उरतो तो आधीच्या पाचही संख्यांचा गुणाकार. प्रत्येक फर्मा संख्या आपल्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकाराहून २ नेच मोठी असते. त्यामुळे दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव असलाच, तर त्याने २ ला भाग जायला हवा. पण या सगळ्या विषम आहेत. म्हणून प्रत्येक फर्मा संख्येचे मूळ अवयव नवेच असतात, आणि मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे सिद्ध होते.

१७९६ मध्ये तरुण गाउसने दाखवले, की कंपास आणि पट्टीने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. विषम बाजूंचे असे बहुभुज फर्माच्या मूळ संख्यांवर अवलंबून असतात. आज माहीत असलेल्यांत सर्वाधिक बाजूंचा बहुभुज ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे: आपल्या संख्येहून दोनाने कमी!

त्या पाचांनंतरच्या सलग २८ फर्मा संख्या संयुक्त निघाल्या आहेत. त्यापुढच्या संख्येत २५८ कोटींहून अधिक अंक आहेत, आणि ती मूळ की संयुक्त हे अजून ठरलेले नाही. म्हणून फर्माच्या मूळ संख्या पाचच आहेत, असे आज कुणालाच म्हणता येत नाही. पाच उदाहरणांवरून फर्माने जो निष्कर्ष काढला, तसाच उलट्या बाजूने आपण २८ उदाहरणांवरून काढू नये.