सर्व्हर जागा आहे का? मुक्तस्रोत पहाऱ्याची तीस वर्षं

१९९४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच होती, ६४ किलोबिटची. अख्ख्या विद्यापीठाचा ईमेल, फाइली, नुकतंच अवतरलेलं वेब, सगळं तिच्यातूनच जायचं. लाइनवर आत्ता किती गर्दी आहे, हे जो तो विचारत होता. टोबियास ओएटिकर यांनी त्यासाठी पर्ल भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. ठरावीक वेळाने तो राउटरला विचारायचा: आत किती बाइट आले, बाहेर किती गेले? नव्या आकड्यातून जुना वजा करायचा आणि वेबपानावर आलेख काढायचा. येणारी वाहतूक हिरव्या पट्ट्यात, जाणारी निळ्या रेषेत. हाच एमआरटीजी. १९९५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

त्यातली खरी हुशारी नोंदवहीत होती. दिवसाच्या आलेखाला पाच मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या आलेखाला अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखाला दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखाला एका दिवसाची. माहिती जुनी होईल तशी ती आटत जायची, त्यामुळे फाइल कधी फुगायची नाही. हीच कल्पना वेगळी काढून ओएटिकर यांनी १९९९ मध्ये आरआरडीटूल दिलं आणि त्याच्या आधारावर कॅक्टायसारखी कितीतरी साधनं उभी राहिली. भारतात लीज्ड लाइन घेणारा ग्राहक आजही कंपनीकडे ‘एमआरटीजी’ मागतो, मग आलेख कोणत्याही सॉफ्टवेअरने काढलेला असो.

आलेखावरून गर्दी कळते. पण रात्री अडीचला यंत्र बंद पडलं तर माणसाला उठवायचं कोणी? समोरचं यंत्र उत्तर देतं की नाही, हे तपासायला १९८३ च्या डिसेंबरपासून माइक म्यूस यांचं पिंग होतंच. पण यंत्र पिंगला उत्तर देतं आणि त्यावरचा डेटाबेस मात्र केव्हाच बसलेला असतो, हा अनुभव प्रत्येक सिस्टिम अ‍ॅडमिनच्या गाठीला आहे.

इथे अमेरिकेतल्या ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये आणलेल्या नेटसेंटने बाजी मारली. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००२ मध्ये त्याचं नाव नेगिऑस झालं. तपासणीचं काम नेगिऑस स्वतः करत नाही, छोट्या प्लगइनांवर सोपवतं. प्लगइन कोणत्याही भाषेत लिहा, अट इतकीच की त्याने एक ओळ छापावी आणि बाहेर पडताना एक आकडा द्यावा: शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर, तीन म्हणजे सांगता येत नाही. डिस्क किती भरली, मेलची रांग किती तुंबली, सर्व्हर खोलीचं तापमान किती, चार ओळींची स्क्रिप्ट येणाऱ्या कुणालाही आपली तपासणी त्यात बसवता आली. या क्षेत्रात इतका साधा आणि इतका टिकाऊ करार दुसरा झालेला नाही. २००९ मध्ये विकासाच्या संथ गतीला कंटाळलेल्या मंडळींनी त्याच कोडमधून इसिंगा वेगळा काढला, तेव्हा जुनी प्लगइनं तिथेही जशीच्या तशी चालली. वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत वाचली, ती कोड खुला होता म्हणून.

लाटव्हियाच्या रीगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ मध्ये बँकेतल्या कामासाठी सुरू केलेलं झॅबिक्स २००१ मध्ये खुलं झालं. माहिती गोळा करणं, साठवणं, आलेख, अलर्ट, सगळं एकाच छताखाली हवं असलेल्यांना ते आजही सोयीचं पडतं.

पुढे यंत्रांचीच जातकुळी बदलली. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत एका सेवेचे अनेक तुकडे झाले आणि ते आज या यंत्रावर तर उद्या त्या यंत्रावर चालू लागले. यंत्रांची ठरलेली यादी घेऊन पहारा देणं जमेना. गूगलमधून आलेल्या मॅट प्राउड आणि ज्युलियस फोल्त्स यांनी २०१२ मध्ये गूगलच्या बोर्गमॉन या अंतर्गत पहारा-यंत्रणेच्या धर्तीवर प्रोमिथियस लिहायला घेतलं. प्रत्येक सेवा आपले आकडे साध्या मजकुरात एका पत्त्यावर मांडते आणि प्रोमिथियस ते ठरावीक वेळाने गोळा करतं. प्रत्येक आकड्याला लेबलं असतात, त्यामुळे ‘कोणत्या शहरातल्या कोणत्या सेवेच्या किती विनंत्या फसल्या’ असं थेट विचारता येतं. जोडीला २०१४ मध्ये स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांचं, असे आकडे आलेखांत मांडणारं ग्राफाना आलं, तेही किबाना या दुसऱ्या मुक्त प्रकल्पातून फुटलेलं. विकिमीडियाचे ग्राफाना डॅशबोर्ड तर जगासाठी उघडे आहेत. मराठी विकिपीडियाची पानं पुरवणाऱ्या सर्व्हरांवर किती ताण आहे, हे कुणीही पाहू शकतं.

साधनं इतकी चांगली असूनही पहारा फसतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसच्या फाइली पुसल्या. सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअप घ्यायला गेले तर तोही नाही: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, बॅकअपची आज्ञा ९.२ ची, त्यामुळे रोजचं काम फसत होतं. फसल्याचे ईमेल निघत होते, पण त्यांवर योग्य डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर ते परतवून लावत होता. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी घेतलेल्या एका प्रतीने पुढचा अनर्थ टळला. कंपनीने हे सारं तपशीलवार जाहीर केलं, ही मोठी गोष्ट. त्यातून असंख्य अ‍ॅडमिन शिकले.

अशा वेळी ‘बॅकअप फसला का?’ हे विचारून भागत नाही. ‘शेवटचा चांगला बॅकअप किती तासांपूर्वीचा?’ हा आकडा सतत समोर लागतो. तो आकडा थांबला, तरी ती बातमीच असते. प्रोमिथियस वापरणारे याच्याही पुढे जातात. अनेक यंत्रांवर सेवा चालवणाऱ्या कुबरनेटीससाठीच्या त्याच्या प्रचलित मांडणीत ‘वॉचडॉग’ नावाचा एक अलर्ट मुद्दाम कायम वाजता ठेवलेला असतो. तो बाहेरच्या एखाद्या स्वतंत्र सेवेकडे जात राहील, अशी जोडणी करता येते. तो येणं बंद झालं, की पहारेकरीच पडला आहे असं धरून ती सेवा ड्युटीवरच्या माणसाला फोन लावते. नवी यंत्रणा बसवणाऱ्याने पहिल्या आलेखाच्या आधी ही जोडणी करून घ्यावी.