बाबांची ओल्ड स्पाइस: लावायची की जपायची?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. अडखळलो ते गाळलं, बाकी जसं बोललो तसं.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वडील गेले, कपाटात त्यांच्या ओल्ड स्पाइस आफ्टरशेव्हची अर्धी बाटली राहिली. तीच, पांढरी, जहाजाच्या चित्राची. आता भावंडं भंडारदऱ्याला चाललीयेत, बाबा न्यायचे तिथेच, आणि याला तो वास लावून जायचंय. पण मित्र म्हणतात हा 'काका लोकांचा वास', आणि लावला तर बाटली संपेल.

भावा, संपायचं आधी बघू. न लावताही तो वास जातोच. उजेड, उष्णता आणि हवा, हे तिघं सुगंधाचे वैरी. अर्धी बाटली म्हणजे उरलेल्या अर्ध्यात हवाच ना! संत्र्या-लिंबासारखा वरचा ताजा वास सगळ्यात आधी बिघडतो. त्यामुळे बूच घट्ट लावून अंधाऱ्या, थंड कपाटात ठेव. बाथरूममध्ये अजिबात नको. असं केल्यानं काही वर्षं वाढतील, पण कायमचं काही टिकत नाही.

आता 'काकांचा वास'. ओल्ड स्पाइसचं हे पुरुषांसाठीचं उत्पादन अमेरिकेत 1938 साली आलं. त्यात लवंग, दालचिनी, जायफळ आणि तळाशी व्हॅनिला. म्हणजे निम्मा वास आपल्या मसाल्याच्या डब्यातलाच! आजचे डिओ पहिल्या सेकंदाला सगळं ओरडून सांगतात. हा तसा नाही. आधी अल्कोहोलचा झणका, तेव्हा नाक लांब ठेव. मग मसाले, आणि शेवटी व्हॅनिलाचा मऊ गोडवा. तोच बराच वेळ रेंगाळतो. बाबा जवळ बसल्यावर यायचा तो बहुतेक हाच. त्यामुळे बाटली हुंगून मत बनवू नकोस. त्वचेवर लाव आणि अर्धा तास थांब.

किती लावायचं? तळहातावर चार-पाच थेंब, हात चोळून गालांवर आणि मानेवर थोपटायचं. ताज्या दाढीवर चरचरणारच. त्वचा नाजूक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत एक थेंब लावून बघ. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधाचं प्रमाण कमीच असतं, तासा-दोन तासांत तो ओसरला तर माल खराब समजू नकोस.

भंडारदऱ्याला मात्र वेळ निवडून लाव. रतनगड किंवा सांदण दरीला जाणार असाल तर सकाळी काहीच नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि तीव्र वास लावून त्यांच्याखालून जायचं नाही हा ट्रेकर्सचा जुना नियम आहे. ही गंमत नाही, माश्या उठल्या तर पळायलाही जागा नसते.

संध्याकाळी खाली आलात, अंघोळ झाली, की लाव. विल्सन धरणाच्या बाजूची गार हवा अशा वासाला मानवते. थंडीत तो सावकाश उडतो, अंगाजवळच राहतो. शेकोटीजवळ मात्र बाटली उघडू नकोस, त्यात अल्कोहोल आहे.

आणि एक कर. याच नावाची नवी बाटली आण. एका मनगटावर जुनी, दुसऱ्यावर नवी. फरक वाटला तर कुठे वाटला, पहिल्या झणक्याला की अर्ध्या तासानं, ते आम्हाला पाठव. पुढच्या भागात वाजवू.