मरगज, यशब की जेड? बिलावर खरे नाव लिहा

कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर परिसरात अंगठ्या, लॉकेट व तसबीह विकणारे आपले व्यापारी बांधव मुंबईच्या बाजारातून हिरवा दगड आणतात. कोणी त्याला मरगज म्हणतो, कोणी यशब, तर कोणी सरळ जेड. नाव बदलले की भावही बदलतो. म्हणून या नावांचा उलगडा आम्ही येथे करीत आहोत.

रत्नशास्त्रात जेड हे नाव दोनच दगडांना आहे: नेफ्राइट आणि जेडाइट. पूर्वी दोन्ही एकच समजले जात. १८६३ मध्ये फ्रान्सच्या ॲलेक्सी दामूर यांनी जेडाइट हे वेगळे खनिज असल्याचे दाखवून दिले. यशब म्हणजे मुख्यतः नेफ्राइट. शहाजहानचा १६५७ सालचा पांढरा प्याला याच दगडाचा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उत्तम हिरवे जेडाइट ब्रह्मदेशातून येते व तेच सर्वांत महाग.

मग 'इंडियन जेड' कोणता? तो ॲव्हेंच्युरीन, म्हणजे हिरव्या अभ्रकाच्या कणांनी रंगलेला गारगोटीच्या जातीचा दगड. भिंगाखाली हे कण बहुधा चमकताना दिसतात. 'न्यू जेड' हा सर्पेंटाइन, तर 'ट्रान्सवाल जेड' हा गार्नेटचा प्रकार. हे दगड खोटे नाहीत, त्यांना दिलेले जेड हे नाव खोटे आहे.

एक पारख दुकानातही करता येते. न जडवलेला दगड आधी नुसता तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोला. १० ग्रॅमचा दगड जेडाइट असल्यास वजन सुमारे ३ ग्रॅमने घटते, नेफ्राइट असल्यास ३.४, ॲव्हेंच्युरीन असल्यास पावणेचार आणि सर्पेंटाइन असल्यास जवळपास ४ ग्रॅमने. 'ट्रान्सवाल जेड' मात्र जवळजवळ जेडाइटइतकाच घटतो. शिवाय दगडाला रंग दिला आहे का, हे तराजू सांगत नाही. तेव्हा किमती माल रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून तपासूनच घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मालाचे खोटे वर्णन करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. घाऊक व्यापाऱ्याने आपल्याला जेड सांगितले, ही सबब ग्राहकापुढे चालत नाही. म्हणून माल घेताना बिलावर दगडाचे खनिज नाव लिहून घ्या आणि विकताना तेच लिहून द्या. ॲव्हेंच्युरीन म्हणून विकल्यास नफा थोडा कमी पडेल, पण गिऱ्हाईक परत येईल.