माळकरी होणं म्हणजे नेमकं काय? उत्तर शोधायला तेरला जाऊ

कंदुरीच्या पंगतीत एखादा म्हणतो, "मला नको, मी माळकरी आहे." वाढणारा पुढे सरकतो. आग्रह नाही, थट्टा नाही. तेच कुणी "डाएटवर आहे" म्हणून बघावं, अख्खी पंगत मागे लागते!

गळ्यातल्या तुळशीच्या माळेत एवढं काय आहे?

माळ म्हणजे वारकऱ्याने स्वतःला घालून घेतलेले नियम. ती एखाद्या महाराजांच्या किंवा जाणत्या वारकऱ्याच्या हातून घेतात. मग मांस-दारू बंद, महिन्याच्या दोन्ही एकादशा, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी. खोटं बोलायचं नाही, हेही त्यात आलंच. यासाठी घर सोडावं लागत नाही. शेती, दुकान, नोकरी, सगळं सांभाळून हे करायचं. दारू सोडू पाहणाऱ्याला माळेचा आधार मोठा वाटतो तो यामुळेच. रोज संध्याकाळी मनाशी नव्याने भांडावं लागत नाही, निर्णय आधीच झालेला असतो. आणि तो गावाला माहीत असतो.

धाराशिव जिल्ह्यात या वाटेचं मोठं नाव म्हणजे तेरचे संत गोरा कुंभार, लोकांचे गोरोबाकाका. तेराव्या-चौदाव्या शतकातले, नामदेवांच्या काळातले. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे. चिखल तुडवता तुडवता भजन करणारा हा माणूस. त्या तंद्रीत पायाखाली स्वतःचं मूल गेलं, अशी कथा सांगतात. ती ऐकताना मला भक्तीपेक्षा आधी त्या आईचा विचार येतो, हे कबूल करते.

दुसरी कथा जास्त कामाची आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबांना म्हणाल्या, यातली मडकी पक्की की कच्ची ते बघा. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. गोरोबांचा निकाल: हे मडकं कच्चं. म्हणजे साक्षात विठ्ठलाचा लाडका भक्तसुद्धा नापास! पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं.

माळ घातली की माणूस आपोआप पक्का होत नाही, हे संप्रदायाच्याच कथेत आहे. समाजाचंही तसंच. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडत राहिले, पण पंढरपूरच्या मंदिराचं दार दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

तुम्ही माळेचा विचार करत असाल, तर आधी काही महिने नुसत्या एकादशा धरून बघा. हरिपाठ पाठ नसला तरी चालतो. गावच्या मंदिरात संध्याकाळी टाळ वाजतात तिथे मागे जाऊन बसा, कानावर पडून पडून तो येतोच.