परवाना फाटकापर्यंतच

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ब्युरोकडून, म्हणजे एजन्सीकडून, काळजी घेणारी मावशी आली की घरचे आधी आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, मग पोलीस पडताळणीचं विचारतात. कपाटाच्या किल्ल्यांची जागाही त्याच दिवशी बदलते. ही भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी थांबते. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं; नाहीतर माकडहाडाशी, टाचांवर कातडी आधी लाल होते, मग फाटते आणि जखम खोल जाते. नाकातल्या नळीने पेज देताना डोकं उंच नसेल, तर ती पेज फुफ्फुसात उतरू शकते. चादर बदलताना लघवीची पिशवी सहज उचलून खाटेवर ठेवली, तर नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. पोलीस पडताळणीत यातलं काहीच कळत नाही. अत्यंत मायाळू, प्रामाणिक बाईसुद्धा हे कुणी शिकवलं नसेल तर चुकणारच.

म्हणूनच देखरेख हवी ती मावशीला पाठवणाऱ्या एजन्सीवर. सोसायटीच्या फाटकावर रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला 2005च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो. रखवालदाराची पडताळणी आणि प्रशिक्षणही बंधनकारक आहे. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रुग्णाच्या खाटेपाशी माणूस पाठवणाऱ्याला असा खास परवाना लागत नाही. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणीचा 1949चा कायदा रुग्ण ठेवण्याच्या जागेची नोंद करतो, आणि घर काही शुश्रूषागृह नव्हे. नर्सची नोंदणी परिचर्या परिषदेकडे होते, मावशीची कुठेच नाही. ही फट दिल्लीला दिसली नव्हती असंही नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत आलं, त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी होत्या. 2024मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. इकडे महाराष्ट्रात 2011च्या जनगणनेतच दर दहा माणसांमागे जवळपास एक साठीच्या पुढचा होता.

परवाना आला की दर वाढतील, इन्स्पेक्टर दारात येईल आणि कमी शिकलेल्या बायकांचं काम जाईल, असे आक्षेप घेतले जातात. दर थोडे वाढतीलही. पण पाठीच्या जखमेचं रोजचं ड्रेसिंग आणि पुन्हा दवाखान्यात भरती हा खर्च आजही घरच भरतं, फक्त तो ब्युरोच्या बिलात दिसत नाही. इन्स्पेक्टरने घरात शिरायची गरज नाही. तपासायचं ते एजन्सीचं दप्तर : कोणाला काय शिकवलं, किती रुग्ण पडले, किती जणांना जखमा झाल्या. राहिला शिक्षणाचा मुद्दा, तर अट प्रशिक्षणाची घालावी, दहावीच्या दाखल्याची नको. उलट अशा नियमांचा पहिला फायदा मावशीलाच होईल. लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो, पण दाद कुठे मागायची हे तिला सांगणार कोण? आणि चोवीस तासांची ड्युटी लावणाऱ्या एजन्सीच्या दप्तरात कूस बदलल्याची नोंदवही असलीच, तर तपासणाऱ्याने आधी रात्री दोन आणि चारच्या रकान्यांतल्या सह्या बघाव्यात. दिवसभर राबलेल्या त्याच एका बाईची सही तिथे असेल, तर ती झोपली केव्हा, हा प्रश्न एजन्सीला विचारायचा आहे.