दुखतं एकीकडे, गाठ दुसरीकडे

घरातल्या बाईचं अर्धं डोकं दुखतं. कानशिलात ठणका, डोळ्यामागे कळ. चष्म्याचा नंबर तपासून होतो, पित्ताची गोळी घेऊन होते, नजरही उतरवली जाते. मान आणि खांद्याच्या मधला भाग दाबून मात्र कुणी पाहत नाही. पाहिलं तर पुष्कळदा तिथे शेंगदाण्याएवढी टणक गाठ हाताला लागते, आणि ती दाबताच कानशिलात तीच ओळखीची कळ उठते.

ही गाठ म्हणजे स्नायूतला आखडलेला, सैल न पडणारा भाग. डॉक्टर तिला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर याच दुखण्याचा अभ्यास केला. कोणत्या स्नायूतली गाठ कुठे दुखते, याचे नकाशेच त्यांनी डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ साली ग्रंथरूपाने छापले. गाठ नेमकी कशी बनते यावर तज्ज्ञांत आजही वाद आहेत. दुखणं मात्र खरं आहे.

अडचण अशी की एक्स-रेत ती दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात बोललं जातं, “काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे.” हे वाक्य आपल्या किती अम्मी-खालांनी मुकाट्याने ऐकून घेतलं असेल! मग रोज एक गोळी. डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा महिन्यात पंधरा-पंधरा दिवस, अशी काही महिने घेत राहिलं तर तिच्यामुळेच डोकं दुखू लागतं. पोट आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, तो वेगळाच.

कारणं घरातच असतात. कडेवरचं मूल कायम एकाच बाजूला, मोबाइल खांदा आणि कानात धरून फोडणी, बुटका ओटा. ईदच्या आधीचे दिवस कसे जातात, हे शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहिणींना विचारा. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाचा प्रकार म्हणणं मला पटत नाही. पण सलाम फेरताना मान एका बाजूला कमी वळते का, हे दिवसातून पाच वेळा कळतं, तेवढं लक्षात घ्यावं.

उपाय साधे आहेत. गरम पाण्याची पिशवी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग पाठ भिंतीला टेकवून मधे टेनिसचा चेंडू धरा आणि गाठीवर सोसेल इतकाच दाब अर्धा मिनिट द्या. त्यानंतर कान हळूच दुसऱ्या बाजूच्या खांद्याकडे झुकवा. मानेच्या पुढच्या बाजूला कधीही दाबू नका. हिजामा करायचा तर प्रशिक्षित माणसाकडे, नव्या ब्लेडने. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.

छातीत दाब, घाम आणि डावा हात दुखणं एकत्र आलं तर शेक घेत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली झाली असेल किंवा गाठ डोळ्यांना दिसण्याइतकी वाढत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा.

आणि ओटा उंच करून घेणं जमत नसेल, तर पोळपाटाखाली एक लाकडी पाट ठेवा. घरातल्या पुरुषांनी तो आजच आणून दिला तरी चालेल.