हिरवं बटण आणि दोन विद्वान

कागदाच्या नकलेला आपण सर्रास ‘झेरॉक्स’ म्हणतो. ही गोष्ट त्याच झेरॉक्स कंपनीच्या यंत्राची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने एक मोठं कॉपियर बाजारात आणलं. जाहिरातीचा सूर असा, की हिरवं बटण दाबा आणि निर्धास्त राहा. पण वापरणारे म्हणत, हे यंत्र फार अवघड आहे.

कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. त्यांनी यंत्रासमोर कॅमेरा लावला. त्या चित्रफितीत दोघे जण एका शोधनिबंधाच्या पाठपोट प्रती काढायला धडपडताना दिसतात. एक संगणकीय भाषाशास्त्राचे संशोधक रॉन कॅपलन, दुसरे संगणकशास्त्रातलं १९७५चं ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले अ‍ॅलन न्यूवेल! ‘लोकांनाच कळत नाही’ म्हणायची सोयच उरली नाही.

पुढच्या प्रयोगांत सचमन यांनी नवख्या माणसांना जोडीने यंत्रासमोर उभं केलं. एकट्याला ‘मनातलं मोठ्याने बोला’ म्हटलं की तो अवघडतो. सोबत कुणी असलं की ‘आता हे काय झालं?’ आपसूक तोंडून निघतं. मग त्यांनी चित्रीकरण चार रकान्यांत उतरवलं. माणूस करतो-बोलतो त्यातलं जे यंत्राला कळत नाही, ते पहिल्यात. जे कळतं, ते दुसऱ्यात. यंत्र माणसाला काय दाखवतं ते तिसऱ्यात आणि त्यामागचा रचनेचा हेतू चौथ्यात. पहिला रकाना शंका, चुकीचे तर्क आणि आपसातल्या बोलण्याने भरला. यंत्राला मात्र झाकण उघडलं, बटण दाबलं, एवढंच समजत होतं. हा अभ्यास १९८७ साली ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड अ‍ॅक्शन्स’ या पुस्तकात आला.

मला हे चार रकाने आजही सगळ्यात मोलाचे वाटतात. अ‍ॅपवर कुणी कुठे बोट ठेवलं, कुठून परत गेलं, याचे आकडे कंपन्यांकडे ढिगाने असतात. तो सगळा दुसरा रकाना. पहिला भरायचा तर माणसाशेजारी जाऊन बसावं लागतं. यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाची रचना, यातलं यूजर रिसर्च म्हणजे मुख्यतः हे बसणं.

किती जणांशेजारी? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणितानुसार एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, पाच जणांत सुमारे ८५ टक्के. मात्र हा हिशेब दोष शोधण्यापुरता आहे. ‘किती टक्के लोकांना हे आवडेल’ याचं उत्तर पाच जणांवरून काढणं साफ चूक.

आणि ‘आवडेल का?’ हा प्रश्नच कच्चा. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाचं मन कुणी मोडत नाही; ‘छान आहे हो’ म्हणून चहा पुढे करतात. पैसे पाठवायचं अ‍ॅप तपासत असू, तर त्यापेक्षा विचारावं, ‘मावशी, शेवटचे पैसे कुणाला पाठवलेत? कसे पाठवलेत, दाखवता?’ घडलेलं सांगताना माणूस नेमकं बोलतो.

मग गप्प राहायचं. मावशींचं बोट चुकीच्या बटणावर घुटमळतं, दाखवून द्यायला आपला हात शिवशिवतो, तरी थांबायचं. ‘इथे दाबू का रे?’ असं त्यांनी विचारलं, तर ‘तुम्हाला काय वाटतं, काय होईल?’ एवढंच विचारायचं. पडद्यावर ‘व्यवहार प्रलंबित’ असेल आणि त्या ‘पैसे अडकले’ म्हणाल्या, तर वहीतही ‘पैसे अडकले’ असंच लिहायचं.